कलम नऊ खोडा : परदेशी विद्यार्थी एक्सचेंज समितीला खुलं पत्र

समितीतल्या सर्व काका-काकूंना,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षीच्या नियमावलीचा मसुदा मिळाला. बाकीची कलमं एकदा वाचली, नववं तीनदा. ‘यजमान देशातील लांब पल्ल्याच्या सामूहिक बस सहली हे पर्यटन समजण्यात येईल. अशा सहलींसाठी समिती शिफारस करणार नाही, परवानगीपत्र देणार नाही व कोणतीही जबाबदारी स्वीकारणार नाही.’ भाषा इतकी बंदोबस्ताची आहे की मसुदा कुणी लिहिला तेही ओळखलं. काका, राग मानू नका, पण हे कलम खोडा. का, ते मी बैठकीत पाच मिनिटांत सांगू शकणार नाही. शिवाय ते पालकांच्याही कानावर जायला हवं. म्हणून हे पत्र खुलं.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी : मी वेंगुर्ला तालुक्यातली. घरची काजूची बाग आहे, थोडी भातशेती. अकरावीची परीक्षा देऊन २०१३ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याच समितीमार्फत ब्राझीलला गेले. साओ पावलो राज्याच्या आतल्या भागात, उसाच्या फडांनी वेढलेल्या एका गावात, यजमान कुटुंबात दहा महिने राहिले. आज पुण्यात औषध कंपन्यांच्या कागदपत्रांचं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करते, म्हणजे त्या दहा महिन्यांवरच पोट भरते. गेली चार वर्षं तुमच्या पूर्वतयारी शिबिरात ‘बसमध्ये काय करू नये’ हा तास मीच घेते. कलम नऊ मंजूर झालं तर माझं एक काम कमी होईल. तरी भांडतेय.

आमची सहल ऑक्टोबरात निघाली. वेगवेगळ्या देशांतून आलेली बेचाळीस एक्सचेंजची मुलं, तीन संयोजक, आळीपाळीनं गाडी चालवणारे दोन चालक, सव्वीस दिवस. साओ पावलोहून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर : पोर्तो सेगुरो, साल्वादोर, अराकाजू, मासेयो, रेसिफे, नाताल, फोर्तालेझा. परतताना आतल्या बाजूनं, ब्रासिलियावरून. सगळं मिळून सात हजार किलोमीटरच्या आसपास. वेंगुर्ल्याहून मुंबईला रातराणीनं जाऊन आले की आठवडाभर पाठ धरायची माझी. तिथे सव्वीस दिवस बसची खुर्ची हेच घर होतं, आणि त्या घरात एकच संडास होता, ज्याचा वापर फक्त लघवीसाठी करायचा अशी सक्त ताकीद होती. पहिल्या रात्री ती ताकीद कुणीतरी मोडली. कुणी, ते कधीच कळलं नाही. मेक्सिकोवाले जर्मनांवर संशय घेत राहिले, जर्मन मेक्सिकोवाल्यांवर.

तुमचा मुख्य आक्षेप मला माहीत आहे. मुलं फेसबुकवर समुद्रकिनाऱ्याचे फोटो टाकतात, आजोबा ते पाहतात आणि समितीला फोन करतात, ‘पोरगी शिकायला पाठवली होती ना?’ खरं आहे. सव्वीसपैकी सहा-सात दिवस आम्ही वाळूत लोळण्यापलीकडे काहीही केलं नाही. त्या दिवसांची मी वकिली करणार नाही. मला तर समुद्राचं नवल नव्हतंच. फिनलंडची मुलगी लाट बघून किंचाळायची तेव्हा मी सावली शोधत असायचे.

पण उरलेल्या दिवसांचं काय झालं ते ऐका.

प्रत्येकाला एक आकडा दिला होता. माझा सतरा. गाडी सुटण्याआधी एकापासून बेचाळीसपर्यंत प्रत्येकानं आपला आकडा पोर्तुगीजमध्ये ओरडायचा. सतराला ‘देझेसेची’ म्हणतात. पहिल्या दिवशी ही हजेरी पूर्ण व्हायला दहा मिनिटं लागली, कारण निम्म्या लोकांना वीसच्या पुढचे आकडे येत नव्हते. नंतर नंतर मिनिटभरात व्हायची. एकदा बाहिया राज्यात एका पेट्रोल पंपावरून निघालो आणि ‘तीस’नंतर शांतता. पुन्हा तीस. पुन्हा शांतता. एकतीस नंबरचा डॅनिश मुलगा ट्रकवाल्यांसाठी असलेल्या न्हाणीघरात निवांत आंघोळ करत होता. तीन दिवस हॉटेलात गरम पाणी नव्हतं, इथे आयतं मिळालं. टॉवेल गुंडाळून धावत आला तेव्हा अख्खी बस आणि पंपावरचे दहाबारा ट्रकचालक टाळ्या वाजवत होते. त्यानंतर तो कधीच उशिरा आला नाही. आम्हीही नाही.

भाषेचं सांगते, कारण मसुद्यात ‘सहलीत विद्यार्थी आपापसांत इंग्रजीच बोलतात, त्यामुळे भाषाशिक्षणाची हानी होते’ असं एक वाक्य आहे. ते पहिल्या तीन दिवसांपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. मागच्या बाकांवर इंग्रजीचं राज्य होतं : अमेरिकन, डॅनिश, जर्मन, आणि आपला पुण्याचा मुलगा. मी मध्ये बसायचे, कारण माझी इंग्रजी तेव्हा कागदावरची. लिहायला येई, बोलताना घशात अडके. शेजारी तैवानची एक मुलगी, तिचीही तीच अवस्था. आम्हा दोघींना मिळून एकच भाषा बरी येत होती, ती पोर्तुगीज. तीही तीन महिन्यांची, व्याकरणाचे हातपाय मोडलेली. आम्ही तीच बोललो. चौथ्या दिवशी संयोजक बाईंनी फर्मान काढलं की रोज शेजारी बदलायचा आणि शेजारी आपल्या देशाचा नसावा. मागच्या बाकांवर निषेध झाला. पण हळूहळू उलटं व्हायला लागलं. बसमधला विनोद पोर्तुगीजमध्ये व्हायचा, भांडणं पोर्तुगीजमध्ये व्हायची, आणि चालकाला ‘जरा थांबवा हो’ ही विनवणी तर पोर्तुगीजशिवाय शक्यच नव्हती. यजमान घरी आई मला हळू, सोपं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची. बसमध्ये कुणीही माझ्यासाठी हळू बोलत नव्हतं. माझी भाषा तिथे कान धरून सुधारली.

आणि त्यात मला एक गुपित सापडलं, जे बाकी एकेचाळीस जणांकडे नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर यादी करायला लागले. पाव, बटाटा, साबण, बादली, चावी, इस्त्री, लिलाव, कोबी. चावीला ते ‘शावी’ म्हणतात, साबणाला ‘साबाउं’. आमच्या मालवणी मुलखात म्हातारी माणसं खिडकीला जनेल म्हणतात; तिथे ‘जनेला’ ऐकलं तेव्हा मी बसमध्ये उभीच राहिले. गोव्याच्या वाटेनं चार-साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेले हे शब्द. शाळेत एका ओळीत शिकले होते, ‘पोर्तुगीज भाषेतून आलेले शब्द’, गाळलेल्या जागा भरा. पेट्रोल पंपावरच्या बाईनं मला न्हाणीघराची ‘शावी’ दिली तेव्हा त्या गाळलेल्या जागेत माणूस आला.

नातालचंही तसंच. शहराचं नाव नाताल, कारण १५९९ साली २५ डिसेंबरला ते वसवलं गेलं. मी गाईडला सांगितलं की आमच्याकडे ख्रिसमसला नाताळ म्हणतात. तिला वाटलं मी तिची फिरकी घेतेय. शेवटी पुण्याच्या मुलाला साक्षीला बोलवावं लागलं.

(तो तोवर बसमध्ये होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, ते तर समितीनं लक्ष देऊन वाचावं.)

पोर्तो सेगुरोला गाईडनं सांगितलं की पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालची बारा जहाजं १५०० सालच्या २२ एप्रिलला या किनाऱ्याशी आली. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘ती कुठे निघाली होती, ठाऊक आहे?’ भारताकडे निघाली होती. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात काब्राल कालिकतला पोचलाही. पुढे याच जलमार्गानं आंबा आणि फणस आपल्याकडून तिकडे गेले, काजू तिकडून आपल्याकडे आला. वाटेत फणसाखाली बस थांबली की मी फणस फोडायचे. दोन हात तेलाचे, आठळ्या बाजूला. त्या आठळ्या फेकायच्या नसतात हे मी किती जणांना पटवलं असेल, मोजदाद नाही.

त्या वर्षी नवरात्र नेमकं सहलीत आलं. आईचा फोन : उपासाला काय खातेस? मी म्हटलं, साबुदाणा. ती म्हणाली, थापा मारू नको. पण रस्त्याकडेला टपरीवर ‘तापियोका’ करतात, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा ओलसर स्टार्च तव्यावर पसरायचा, तो आपोआप जुळून धिरड्यासारखा होतो, आत ओलं खोबरं. आपला साबुदाणा त्याच कंदाचा, आणि तो कंद मूळचा तिकडचाच. शिवाय उसाचा रस, आणि ‘हापादूरा’ नावाची गुळाची वडी, जिची चव चाखली की डोळे मिटून कोल्हापूर म्हणावं. आईला शेवटपर्यंत पटलं नाही. पण उपास मोडला नाही.

आता साल्वादोर. हे मला जरा सावकाश सांगायचंय.

साल्वादोर १५४९ मध्ये वसलं आणि १७६३ पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होतं. त्याचा जुना भाग रंगीत घरांचा, चढउताराच्या फरसबंद गल्ल्यांचा, फोटोंसाठी जणू मुद्दाम रंगवलेला. त्या भागाला पेलोरिन्यू म्हणतात. आम्ही बेचाळीस जण तिथे पोचल्या पोचल्या जे करायचं तेच केलं : हात पसरून, उड्या मारून फोटो. गाईड, पन्नाशीचा काळा माणूस, सगळं होईपर्यंत थांबला. मग शांतपणे विचारलं, पेलोरिन्यू म्हणजे काय माहीत आहे का. कुणालाच नव्हतं. पेलोरिन्यू म्हणजे तो खांब, ज्याला गुलामांना बांधून चारचौघांत फटके मारत. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा इथे बाजार होता. ब्राझीलनं गुलामी कायद्यानं बंद केली ती १८८८ सालच्या १३ मे रोजी, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. मग तो दुसऱ्या एका साधनाबद्दल बोलू लागला, दोन जड ओंडक्यांमध्ये भोकं पाडून पाय अडकवायचे त्याबद्दल. त्याला तो ‘त्रोंको’ म्हणाला.

मी वही काढली नाही. त्या दिवशी यादीत भर घालावीशी वाटली नाही. तुरुंग हा शब्द त्रोंकोवरून आला, हे मला माहीत होतं. परीक्षेत एक मार्क मिळवला होता त्याचा. त्या चौकात त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकणं, आणि शेजारी अमेरिकन मुलगा खाली मान घालून उभा असणं, त्यानं रात्री बसमध्ये मला विचारणं की तुमच्याकडे जात म्हणजे नेमकं काय असतं, आणि मला उत्तर देताना माझ्याच वाडीतली विहीर आठवणं... हे पर्यटनाच्या कुठल्या खान्यात बसवायचं, ते मसुदा लिहिणाऱ्या काकांनी मला सांगावं. त्या रात्री आम्ही दोनपर्यंत बोललो. माझ्या पोर्तुगीजमध्ये ‘लाज’ या शब्दाची त्या रात्री पहिल्यांदा गरज पडली.

साल्वादोरलाच बोनफिमच्या चर्चबाहेर रंगीत फिती विकतात. मनगटाला तीन गाठी मारून बांधायची, तीन इच्छा मागायच्या, ती झिजून आपोआप तुटली की इच्छा पुऱ्या होतात म्हणे. त्या फितीला ते ‘फीता’ म्हणतात. मी दोन घेतल्या. दुसरीचं पुढे सांगते.

नाताल सोडल्यावर पुण्याच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, डेंडे नावाच्या पामतेलात तळलेले आकाराजे बाधले असतील. आकाराजे म्हणजे चवळीच्या पिठाचे वडे. शाकाहारी असल्यामुळे तो आत कोळंबी न घालता तेच खात होता. पण संध्याकाळी ताप चढला आणि संयोजकांनी बस सरळ एका छोट्या शहराच्या सरकारी रुग्णालयाकडे वळवली. अपेंडिक्स. डॉक्टर तरुण, हुशार, घाई करणारे. ब्राझीलच्या सरकारी रुग्णालयात परदेशी माणसालाही मोफत उपचार मिळतात, तिथे कुणी पैशाचं नावही काढलं नाही. त्यांनी मागितलं ते पालकांचं संमतीपत्र, कारण मुलगा सतरा वर्षांचा.

संमतीपत्र होतं. फाइलमध्ये नीट प्लास्टिकच्या पिशवीत होतं. इंग्रजीत. समितीच्या शिक्क्यासह, सुंदर लेटरहेडवर, फक्त इंग्रजीत. तिथल्या वॉर्डात ते वाचू शकणारी व्यक्ती म्हणजे स्वतः पेशंट आणि मी. जर्मन, डॅनिश, तैवानी, सगळ्यांच्या फायलीत पोर्तुगीज भाषांतर जोडलेलं होतं. संयोजक बाईंनी मला त्या फायली दाखवल्या आणि काही बोलल्या नाहीत. पुण्यात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, आपल्यात आणि त्यांच्यात साडेआठ तासांचा फरक. आईवडिलांचे फोन बंद. शेवटी मी ते पत्र वहीच्या पानावर पोर्तुगीजमध्ये उतरवलं, त्याची यजमान आई फोनवर डॉक्टरांशी बोलली, आणि दोन तासांनी शस्त्रक्रिया झाली. तो बरा झाला, आज दोन मुलांचा बाप आहे. पण ते दोन तास समितीच्या कागदामुळे गेले. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषांतर ते. त्याचे पैसे अजून कुणी दिले नाहीत, हा विनोद मी दर शिबिरात करते आणि तुम्ही दरवर्षी हसता. संमतीपत्र मात्र अजूनही इंग्रजीतच जातं. मागच्या जूनमध्ये गेलेल्या मुलांचे कागद मी स्वतः पाहिलेत.

म्हणजे ‘जबाबदारी स्वीकारणार नाही’ या वाक्याला माझा आक्षेप केवळ भावनिक नाही. मुलं जाणारच. तुम्ही परवानगीपत्र दिलं नाही तर पालक आपल्या सहीनं पाठवतील, काही जण न विचारता जातील, आणि तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये इंग्रजीतलाही कागद नसेल.

नातालच्या दक्षिणेला पिरांजी नावाचं किनाऱ्यावरचं ठिकाण आहे. तिथे एक काजूचं झाड आहे. एकच झाड, आणि त्यानं साडेआठ हजार चौरस मीटर जागा व्यापलीय; म्हणजे दोन एकरांहून जास्त. १९९४ मध्ये गिनीज बुकात त्याची जगातलं सगळ्यात मोठं काजूचं झाड म्हणून नोंद झाली. त्याच्या फांद्या वर जाण्याऐवजी आडव्या धावतात, वजनानं जमिनीला टेकतात, टेकल्या जागी मुळं धरतात आणि पुन्हा पुढे निघतात. आत शिरलं की झाडाखाली आहोत असं वाटतच नाही, बागेत फिरतोय असं वाटतं. आपल्याकडे काजू शिमग्याच्या आगेमागे लागतो. तिथे ऑक्टोबरात बोंडू लटकत होते, पिवळे आणि लाल. आणि तो वास. घरून निघून अडीच महिने झाले होते. रडायला येईल असं कशानंच वाटलं नव्हतं, त्या वासानं वाटलं.

पण रडायला वेळ मिळाला नाही. समोर एका अमेरिकन मुलानं खाली पडलेली ओली बी उचलली आणि दातानं फोडायला तोंडात घातली. मी ओरडून त्याचा हात ओढला. ओल्या काजूच्या टरफलात चीक असतो. ओठ, हिरड्या भाजून निघतात. सगळे जमा झाले. काय झालं, का ओरडलीस? मग मी सांगायला लागले. बी का भाजतात, आमच्याकडे बायका हाताला राख नाहीतर तेल लावून ती कशी फोडतात, माझ्या आजीच्या बोटांना रेघाच कशा उरल्या नव्हत्या, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं बाबांनी कशी लावली, आम्ही बी ठेवतो आणि बोंडू बहुतेक टाकून देतो. बोंडू टाकून देता? हे ऐकून तिथली गाईड खरोखर दुखावली. ब्राझीलमध्ये बोंडूचा रस घरोघरी पितात. सगळं मी पोर्तुगीजमध्ये सांगितलं. संपल्यावर तैवानच्या मैत्रिणीनं घड्याळ दाखवलं : वीस मिनिटं झाली होती. तीन महिन्यांत मी सलग वीस वाक्यंही बोलले नव्हते.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. त्यांच्याकडे मध्यरात्र उलटलेली, पण झाडाचं ऐकून झोप उडाली.
‘एकाच झाडाक दोन एकर?’
‘हो.’
‘आणि बी किती येता?’
मी गाईडनं सांगितलेला आकडा सांगितला, वर्षाला सत्तर-ऐंशी हजार फळं. बराच वेळ लाइनवर काही नाही. मला वाटलं फोन कटला.
‘मगे छाटणी कोण करता?’

हे मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या आधी गाईडला फोन करून विचारलं.

आता पैशाचं. त्या सहलीचे चार हजारांहून थोडे जास्त ब्राझिलियन रियाल लागले. तेव्हा एका रियालला साधारण २८ रुपये पडत होते. म्हणजे लाखाच्या वर. विमानाचं भाडं मामानं दिलं होतं, सहलीचे पैसे बाबांच्या त्या मोसमाच्या काजू बीचे. जवळजवळ सगळ्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या झाडाखाली उभी असतानाही माहीत नव्हतं. परत आल्यावर घराची कौलं चाळायची का राहिली असं विचारलं तेव्हा आईच्या तोंडून निघालं.

आमच्या यजमान गावात आम्ही पाच एक्सचेंजची मुलं होतो. सहलीला तिघं गेलो. राहिलेल्या दोघांत एक इक्वेडोरची मुलगी होती. तिचे वडील शाळामास्तर, तिच्याकडे पैसे नव्हते, आणि तिच्या देशातल्या समितीचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं : सहल हा खासगी मामला. आम्ही सव्वीस दिवसांनी परत आलो ते वेगळीच माणसं होऊन. आमचे विनोद तिला कळेनात. कुणी ‘एकतीस!’ म्हटलं की आम्ही तिघं फुटायचो आणि ती चेहऱ्यावर हसू आणायची. पहिल्या तीन महिन्यांत तिची पोर्तुगीज माझ्याहून सरस होती, स्पॅनिशवालीला ती सोपीच. पण ब्राझील म्हणजे तिच्यासाठी ते एकच गाव राहिलं, उसाचं. साल्वादोरहून आणलेली दुसरी फीत मी तिला दिली. तिनं छान म्हटलं, खिशात घातली. बांधलेली मी कधी पाहिली नाही.

काकू, तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर कलम नऊ. कुणीच जाऊ नये, म्हणजे भेद नको. शाळेत एकाकडे रेनकोट नसेल तर सगळ्यांनी भिजायचं का? सहलीचा खर्च कार्यक्रमाच्या फीमध्ये धरा, आणि ज्यांना फीत सवलत देता त्यांना त्यातही द्या. माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभा करा. पहिली रक्कम माझी, बैठकीला चेक घेऊन येते. आम्ही परत आलेले साठ-सत्तर जण तरी आहोत, बहुतेक कमावते. मागितलंच नाही तर देणार कसे?

पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन संमतीपत्रांची भाषांतरं मी आणि माझ्या तीन सहकाऱ्यांनी फुकट करून द्यायचं ठरवलंय. पीतज्वराच्या लशीचा मुद्दाही नियमावलीत घाला. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे किमान दहा दिवस आधी लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबईच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. यजमान गावच्या आरोग्य केंद्रात ती लस मोफत मिळते, आणि मुलं सहलीच्या गडबडीत नेमकी तीच विसरतात. संयोजकांना सहलीआधी लेखी विचारा : चालक दोन आहेत का? ब्राझीलमध्ये कायद्यानं प्रवासी गाडीच्या चालकाला चार तासांनंतर अर्धा तास विसावा द्यावा लागतो, तो देता का? रात्रीचा प्रवास किती? शेजारी रोज बदलता का? हा शेवटचा प्रश्न विनोदासाठी घातलेला नाही. आमच्या संयोजक बाईंच्या त्या एका फर्मानानं मला जेवढी भाषा शिकवली तेवढी शाळेनं दहा महिन्यांत शिकवली नाही.

ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग यांची चार ‘ड’ची बंदी राहूच दे. आमच्या बसमधून एका मुलाला बिअरपायी रेसिफेहून विमानानं परत धाडलं. सगळे रडले. पण योग्य झालं, असं माझं आजही मत आहे.

बैठक येत्या रविवारी आहे. मी येतेय. बाबाही येणार म्हणतात, वेंगुर्ल्याहून रातराणीनं. पाठीचं काय व्हायचं ते होवो. त्यांना बोलायला लावू नका असं मी सांगणार नाही. फक्त पिरांजीच्या झाडाची छाटणी कोण करतं, हा विषय कुणी काढू नये. त्यांचं त्याबाबत ठाम मत आहे, आणि सभागृह आपल्याला एक वाजताच रिकामं करून द्यायचंय.

आपली,
सतरा नंबर
(देझेसेची)